निसर्गदृश्यं आणि रात्रीचं आकाश: ट्रायपॉड लावण्यापासून एडिटिंगपर्यंत

आकाशगंगेचा फोटो काढायला निघालेल्या बहुतेकांचा पहिला प्रयत्न तीनपैकी एका कारणाने फसतो. आकाशात चंद्र असतो, फोकस थोडा हुकलेला असतो किंवा शटर इतका वेळ उघडा राहतो की ताऱ्यांच्या रेघा होतात. तिन्ही चुका टाळण्यासारख्या आहेत, पण त्या जागेवरच टाळाव्या लागतात. हुकलेला फोकस संगणकावर परत आणता येत नाही, आणि सेन्सरवर जो प्रकाश पडलाच नाही तो कुठल्याही सॉफ्टवेअरने निर्माण होत नाही. म्हणून या लेखाचा मोठा भाग शटर दाबण्याआधीच्या कामावर खर्च केला आहे.

सामान

ज्या कॅमेऱ्यात मॅन्युअल मोड आहे आणि जो रॉ फाइल (सेन्सरची सगळी मूळ माहिती ठेवणारी) देतो, तो सुरुवातीला पुरेसा आहे. जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच रंग, कॉन्ट्रास्ट आणि नॉइजचे (फोटोतल्या दाणेदारपणाचे) निर्णय घेऊन उरलेली माहिती टाकून देतो. दिवसाच्या फोटोत हे एखादवेळ खपून जातं, रात्रीच्या फोटोत नाही.

लेन्स रुंद हवी: फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १४ ते २४ मिलीमीटर, एपीएस-सी (त्याहून लहान) सेन्सरवर १० ते १६ मिलीमीटर. कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ च्या किट लेन्सनेही १८ मिलीमीटर आणि एफ/३.५ वर (हे अ‍ॅपर्चरचं, म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आकाशगंगा टिपता येते, पण मर्यादा लवकर जाणवतात. एफ/३.५ च्या तुलनेत एफ/१.८ ची साधी प्राइम (झूम नसलेली) लेन्स जवळपास पावणेचारपट प्रकाश आत घेते. नवीन बॉडी घ्यायची की लेन्स, असा प्रश्न असेल तर आमचं उत्तर लेन्स. त्याहीआधी ट्रायपॉड.

ट्रायपॉड उंच असण्यापेक्षा ताठ असणं महत्त्वाचं. पाय उघडताना आधी वरचे जाड भाग उघडा, सगळ्यात खालचे बारीक भाग शक्यतो आत ठेवा. मधला दांडा वर काढू नका. तो वर गेला की तीन पायांवरचा आधार एका दांड्यावर येतो आणि जराशा वाऱ्यानेही कॅमेरा थरथरतो. वारा असेल तर हुकाला बॅग अडकवतात, पण ती अधांतरी झुलत ठेवली तर उलट हादरे वाढतात. बॅग जमिनीला टेकलेली राहील इतकीच सैल लटकवा.

सोबत दोन जादा बॅटऱ्या, लाल उजेडाची टॉर्च, लेन्स पुसायचं कोरडं कापड आणि जमल्यास शटरचा रिमोट. रिमोट नसेल तर २ सेकंदांचा सेल्फ-टायमर लावा. टॉर्च लाल असण्याचं कारण म्हणजे डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं घेतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत तो सराव क्षणात घालवतो. मंद लाल उजेडाने हे नुकसान बरंच कमी होतं.

मोबाइलवरही सुरुवात करता येते. फोन ट्रायपॉडवर घट्ट बसवा, ३ सेकंदांचा टायमर लावा, मुख्य लेन्स वापरा (अल्ट्रावाइडचा सेन्सर बहुधा लहान आणि अ‍ॅपर्चर अरुंद असतं) आणि प्रो मोडमध्ये रॉ सुरू करा. काही फोनमध्ये ताऱ्यांसाठी वेगळा मोड असतो. तो अनेक छोटी एक्स्पोजर एकत्र करतो, त्यामुळे फोन पूर्ण वेळ हलता कामा नये.

आधी उजेडात हात बसवा

अंधारात बटणं चाचपडत शिकण्यापेक्षा संधिप्रकाशातल्या निसर्गदृश्यावर शिकलेलं बरं. रचना, फोकस आणि एक्स्पोजर यांचा पाया तोच आहे.

अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११ ठेवा, आयएसओ (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा ते) कॅमेऱ्याचा मूळ म्हणजे बहुतेक १००, आणि शटर जितका लागेल तितका. कॅमेरा ट्रायपॉडवर असल्याने शटर लांबला तरी बिघडत नाही. सगळं स्पष्ट दिसावं म्हणून एफ/२२ लावण्याचा मोह होतो, पण इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश विवर्तनामुळे पसरतो आणि पूर्ण चित्रच थोडं मऊ पडतं.

जवळचा दगड आणि दूरचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतील तर हायपरफोकल अंतरावर फोकस करा. फुल-फ्रेमवर २४ मिलीमीटर आणि एफ/११ साठी हे अंतर सुमारे १.८ मीटर येतं. तिथे फोकस केला की त्याच्या निम्म्यापासून, म्हणजे ९० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. दगड त्याहून जवळ असेल तर दोन-तीन ठिकाणी फोकस बदलून तितके फोटो काढा आणि नंतर जोडा.

आकाश उजळ आणि जमीन काळोखी, ही नेहमीची अडचण. अशा वेळी एक्स्पोजर ब्रॅकेटिंग वापरा: उणे २, शून्य आणि अधिक २ स्टॉप असे तीन फोटो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). बदल फक्त शटरमध्ये करायचा. अ‍ॅपर्चर बदललं तर किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसतं तेही बदलतं आणि फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. वाऱ्याने हलणारी पानं तिन्ही फोटोंत वेगवेगळ्या जागी असतात आणि जोडल्यावर भुतासारखी दुहेरी दिसतात, म्हणून झाडांचा भाग शक्यतो एकाच फोटोतून घ्या.

पोलरायझर फिल्टर आकाश गडद करतो आणि पानांवरची चमक काढतो. त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतो. हे शोधायची सोपी रीत: अंगठा सूर्याकडे रोखा, तर्जनी त्याला काटकोनात धरा आणि मनगट फिरवा. तर्जनी आकाशातून जिथून जिथून जाते तो पट्टा सर्वांत गडद होणार. याच कारणाने अतिरुंद लेन्सवर पोलरायझर लावला की आकाशाचा एक तुकडा गर्द निळा आणि बाजूचा फिका असं ठिगळ दिसतं. २४ मिलीमीटरपेक्षा रुंद लेन्सवर, आकाश चौकटीत असेल तर, तो काढलेलाच चांगला.

वाहतं पाणी रेशमी दिसावं यासाठी एनडी फिल्टर लागतो. ६ स्टॉपचा फिल्टर प्रकाश ६४ पट कमी करतो, १० स्टॉपचा जवळपास १००० पट. म्हणजे १/६० सेकंदाचं एक्स्पोजर ६ स्टॉपने साधारण १ सेकंद आणि १० स्टॉपने साधारण १६ सेकंद होतं. रचना आणि फोकस फिल्टर लावण्याआधी पक्के करा, मग फोकस मॅन्युअलवर टाका. डीएसएलआर असेल तर मागचा व्ह्यूफाइंडर झाका, नाहीतर लांब एक्स्पोजरमध्ये तिथून उजेड शिरतो आणि फोटोच्या मधोमध धुरकट डाग येतो.

रात्र कोणती आणि कधी

दिनदर्शिका उघडून अमावस्या शोधा. तिच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस सर्वांत चांगले. पण महिन्यातल्या बाकीच्या रात्री वाया जातात असं नाही: शुद्ध अष्टमीचा चंद्र साधारण मध्यरात्री मावळतो, म्हणजे उत्तररात्र मोकळी, वद्य अष्टमीचा चंद्र साधारण मध्यरात्री उगवतो, म्हणजे पूर्वरात्र मोकळी. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यावरून पुढच्या-मागच्या तिथींचा अंदाज बांधता येतो.

सूर्य मावळला म्हणजे लगेच अंधार होत नाही. तो क्षितिजाखाली १८ अंश गेला की खगोलीय संधिप्रकाश संपतो आणि मंद तारे पूर्ण तेजाने दिसू लागतात. विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशांत याला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. जसजसं ध्रुवाकडे जावं तसा हा वेळ वाढतो, आणि ४८.५ अंशांपलीकडच्या अक्षांशांवर उन्हाळ्याच्या मध्याला खरा अंधार होतच नाही.

आकाशगंगेचा तेजस्वी गाभा धनू राशीत, वृश्चिकाच्या नांगीजवळ आहे. मूळ नक्षत्र ओळखता येत असेल तर त्याच्या शेजारीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पहाटे उगवतो, जून-जुलैत जवळपास रात्रभर असतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच दिसतो आणि लवकर मावळतो. नोव्हेंबर ते जानेवारी गाभा सूर्याच्या बाजूला असतो, म्हणून दिसत नाही. त्या दिवसांत मृग आणि सारथी यांच्या बाजूने जाणारा मंद पट्टा मात्र वर असतो.

गाभा किती उंच चढेल हे घरबसल्या काढता येतं. तो खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या, आकाशातल्या रेषेच्या) दक्षिणेला २९ अंशांवर आहे. उत्तर गोलार्धात तुमच्या अक्षांशात २९ मिळवा आणि बेरीज ९० मधून वजा करा. २० अंश उत्तरेला उत्तर ४१ अंश येतं, ५० अंश उत्तरेला फक्त ११. हात सरळ पुढे धरून मूठ वळली की ती आकाशात साधारण १० अंश व्यापते. समोरचा डोंगर दोन मुठी उंच असेल आणि गाभा ११ अंशच चढणार असेल, तर ती जागा या कामाची नाही. दक्षिण गोलार्धात गाभा खूप वर येतो, २९ अंश दक्षिणेला तर थेट डोक्यावर.

अंधार किती आहे हे मोजायला बॉर्टल मोजपट्टी वापरतात. जॉन बॉर्टल यांनी २००१ साली ती मांडली. १ म्हणजे सर्वांत काळं आकाश, ९ म्हणजे मोठ्या शहराचा मध्य. ४ किंवा त्याखालच्या जागी गाभा स्पष्ट येतो. आकड्याइतकीच दिशाही बघा. उत्तर गोलार्धात गाभा दक्षिणेकडे असतो, त्यामुळे शहराचा उजेड तुमच्या पाठीशी, उत्तरेला हवा. ५ च्या जागी उत्तरेला शहर असणं, हे ४ च्या जागी दक्षिणेला शहर असण्यापेक्षा कित्येकदा बरं पडतं. नेमकी वेळ आणि दिशा पाहायला स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

जागा दिवसा बघून या. कडे, खड्डे, तारेची कुंपणं अंधारात दिसत नाहीत. कुठे जाताय आणि कधी परतणार हे घरी सांगून ठेवा.

रात्रीचं काम, क्रमाने

सूर्यास्ताआधी पोहोचा. चौकट ठरवा, ट्रायपॉड रोवा आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाच्या सुमारास, निळा प्रकाश असताना, जमिनीचा एक नीट फोटो काढून ठेवा: आयएसओ १०० ते ४००, एफ/८, शटर जुळेल तो. रात्री याच जागेवरून काढलेलं आकाश त्याच्यावर जोडता येतं. जोडलेला फोटो दाखवताना तसं लिहावं, असं आमचं ठाम मत आहे. पाहणाऱ्याला ते कळण्याचा हक्क आहे.

मग कॅमेऱ्यातल्या या गोष्टी बदला. स्टॅबिलायझेशन बंद, कारण ट्रायपॉडवर काही लेन्सची यंत्रणा नसलेला हादरा शोधत राहते आणि स्वतःच हलते. यूव्ही फिल्टर काढा. तो तेजस्वी ताऱ्यांचे खोटे प्रतिबिंब-ठिपके तयार करतो. स्क्रीनची चमक सर्वांत कमी करा. व्हाइट बॅलन्स (रंग किती उबदार किंवा थंड दिसावेत ते) ४००० केल्विनच्या आसपास स्थिर ठेवा, ऑटोवर नको.

आता फोकस. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

१. फोकस मॅन्युअलवर टाका. लेन्सवरच्या अनंताच्या (∞) खुणेवर विसंबू नका. ती खूण बऱ्याच लेन्समध्ये खऱ्या अनंतापासून थोडी सरकलेली असते.

२. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, आयएसओ ६४०० करा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवरच्या थेट दृश्यात) एखादा तेजस्वी तारा चौकटीच्या मध्याजवळ आणा. व्याध, अगस्त्य, स्वाती, अभिजित यांपैकी जो वर असेल तो घ्या. चौकट पुन्हा लावावी लागली तरी चालेल.

३. ताऱ्यावर ५ पट आणि मग १० पट मोठं करून बघा. फोकस रिंग हळूहळू फिरवा. तारा लहान होत जाईल, सर्वांत बारीक टिंब होईल आणि पुन्हा फुगू लागेल. त्या टिंबावर परत या. लेन्स थोडी पुढे-मागे गेली की काही लेन्समध्ये ताऱ्याभोवतीची कड जांभळटकडून हिरवटकडे बदलते. दोन्हींच्या मधली जागा बरोबर.

४. रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे अंधारात हात लागून ती हलणार नाही.

५. एक फोटो काढा आणि तो १०० टक्के मोठा करून कोपरे व मध्य दोन्ही तपासा. रात्र थंड होत गेली की काच आणि धातू आकसतात, फोकस सरकतो. दर तासाला पुन्हा बघा.

ताऱ्यांवर फोकस असताना जवळची जमीन किती स्पष्ट येईल? २० मिलीमीटर आणि एफ/२.८ वर साधारण ५ मीटरच्या पुढचं. त्याहून जवळचं झुडूप चौकटीत हवं असेल तर त्याचा वेगळा फोटो, वेगळ्या फोकसने काढावा लागतो.

शटर किती वेळ उघडा ठेवायचा यासाठी ५०० चा नियम सर्वत्र सांगितला जातो: ५०० भागिले फोकल लेंथ. २० मिलीमीटरला २५ सेकंद. हा नियम कमी मेगापिक्सेलच्या काळातला असून आजच्या सेन्सरवर त्याने तारे लांबट येतात. आकाश दर तासाला १५ अंश फिरतं आणि आजचे बारीक पिक्सेल ती हालचाल लगेच पकडतात. फ्रेडरिक मिशो यांचं एनपीएफ सूत्र जास्त भरवशाचं आहे: अ‍ॅपर्चरच्या आकड्याला ३५ ने गुणा, पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या रुंदीला ३० ने गुणा, दोन्ही मिळवा आणि लेन्सच्या खऱ्या फोकल लेंथने भागा. पिक्सेलची रुंदी म्हणजे सेन्सरची रुंदी भागिले आडवे पिक्सेल; ३६ मिलीमीटरवर ६००० पिक्सेल असतील तर ६ मायक्रॉन. अशा कॅमेऱ्यावर २० मिलीमीटर एफ/२.८ साठी उत्तर सुमारे १४ सेकंद येतं. किट लेन्स १८ मिलीमीटर, एफ/३.५, एपीएस-सीचा ३.९ मायक्रॉनचा पिक्सेल: सुमारे १३ सेकंद. ध्रुवाजवळचे तारे सावकाश सरकतात, तिथे वेळ थोडा वाढवता येतो. मृगासारख्या खगोलीय विषुववृत्तावरच्या ताऱ्यांना मात्र अजिबात सवलत नाही.

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडल्यावर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटल्यासारखे दिसत असतील तर तो लेन्सचा कोमा. अर्धा ते एक स्टॉप बंद करा. एफ/१.८ ची लेन्स बहुतेक वेळा एफ/२.२ ते एफ/२.८ वर सुधारते.

आयएसओबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. प्रकाश ठरतो अ‍ॅपर्चर आणि शटरने. रात्रीच्या फोटोतला दाणेदार नॉइज मुख्यतः प्रकाश कमी पडल्यामुळे येतो, आयएसओचा आकडा मोठा असल्यामुळे नाही. उलट आयएसओ फारच खाली ठेवून नंतर संगणकावर उजळ केलं, तर अनेक कॅमेऱ्यांत सावल्यांमध्ये पट्टे उठतात. म्हणून १६०० ते ६४०० मध्ये राहा. ३२०० ने सुरुवात करा. त्याहून फार वर गेलं की तेजस्वी तारे पांढरे फटक होतात आणि त्यांचा रंग जातो.

चौकट तपासण्यासाठी मात्र आयएसओ १२८०० आणि ३-४ सेकंद असे भराभर फोटो काढा. क्षितिज वाकडं आहे का, कोपऱ्यात फांदी घुसली आहे का हे लगेच कळतं. मग आयएसओ खाली आणून खरे फोटो सुरू करा. उजेड पुरेसा आहे की नाही हे स्क्रीनवरून ठरवू नका, कारण अंधारात मंद फोटोही झगझगीत दिसतो. हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) बघा: उंचवटा डाव्या भिंतीपासून सुटून साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरावर असावा. भिंतीला चिकटला असेल तर काळोखातले तपशील गेले.

एकाच फोटोवर समाधान मानू नका. त्याच सेटिंगवर लागोपाठ १६ ते २० फोटो काढा. शेवटी लेन्सवर झाकण लावून त्याच शटर-आयएसओने ८-१० काळे फोटो घ्या; सेन्सरचे स्वतःचे ठिपके नंतर वजा करायला ते लागतात. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. ते प्रत्येक फोटोनंतर तितक्याच वेळेचा काळा फोटो स्वतः घेतं, म्हणजे निम्मी रात्र त्यातच जाते. तुमचे वेगळे काळे फोटो तेच काम करतात.

जमिनीसाठी वेगळं लांब एक्स्पोजर घ्या: आयएसओ ८०० ते १६००, एफ/४, २ ते ४ मिनिटं. यात तारे रेघाळतील, पण यातून फक्त जमीन वापरायची आहे. टॉर्च फिरवून झाड उजळण्यापेक्षा, अगदी मंद केलेला एलईडी दिवा बाजूला स्टँडवर ठेवणं आम्हाला पसंत आहे, कारण उजेड प्रत्येक फोटोत सारखा राहतो. समोरून उजेड टाकला तर दगड सपाट दिसतो, बाजूने टाकला तर त्याचा पोत उठतो. आसपास दुसरे कोणी फोटो काढत असतील तर आधी विचारा. काही संरक्षित जागी असे दिवे लावायला मनाईही असते.

दव

फोटो हळूहळू धूसर होत गेले आणि ताऱ्यांभोवती तेजोवलयं दिसू लागली, तर दहापैकी नऊ वेळा लेन्सवर दव आहे. उघड्या आकाशाकडे तोंड करून असलेली काच उष्णता बाहेर टाकत राहते, हवेपेक्षाही थंड होते, आणि तिचं तापमान दवबिंदूखाली गेलं की ओल धरते. पुसून उपयोग नाही: काच थंडच असते, काही मिनिटांत दव परत येतं आणि पुसल्याचे ओरखडे वेगळे. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी लेन्सच्या पुढच्या भागाभोवती गुंडाळा, आणि ती दव पडण्याआधी सुरू करा. लेन्स हूडने थोडा वेळ मिळतो. दर १५-२० मिनिटांनी काचेवर लाल टॉर्च तिरकी धरून बघा. घरी आल्यावर थंड कॅमेरा लगेच उघडू नका. बंद बॅगेत खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर ओल आतल्या भागांवर धरते.

ताऱ्यांच्या रेघा हव्याच असतील तर

इथे नियम उलटा होतो. एक तासाचं एकच एक्स्पोजर काढण्यापेक्षा ३० सेकंदांचे १२० फोटो काढून जोडा. एखाद्या फोटोत गाडीचा उजेड आला तर तेवढा काढता येतो. आयएसओ ८०० ते १६००, एफ/२.८ ते एफ/४. दोन फोटोंमध्ये शक्य तितकं कमी अंतर ठेवा, कारण अंतर वाढलं की रेघ तुटक दिसते. एक बारीक गोष्ट: कित्येक कॅमेऱ्यांचे ३० सेकंद प्रत्यक्षात ३२ असतात. इंटरव्हल (एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ) ३१ ठेवली तर पुढचा फोटो सुटतो आणि रेघेत खाच पडते. ३३ किंवा ३४ ठेवा.

उत्तर गोलार्धात ध्रुव तारा चौकटीत घेतला की वर्तुळं त्याच्याभोवती फिरतात. क्षितिजापासून त्याची उंची तुमच्या अक्षांशाइतकीच असते. दक्षिण गोलार्धात ध्रुवाजवळ तेजस्वी तारा नाही, म्हणून होकायंत्र आणि अक्षांशावरून जागा काढावी लागते. एका तासात १५ अंशांचे कंस मिळतात. मोठे कंस हवे तर दोन-तीन तास थांबा. जोडायला स्टारस्टॅक्स मोफत आहे. फोटोशॉपमध्ये सर्व थर लाइटन मोडवर टाकले तरी तेच होतं.

संगणकावर

आधी फोटो एकमेकांवर जोडा, म्हणजे स्टॅकिंग. १६ फोटोंची सरासरी काढली की नॉइज चौपट कमी होतो, कारण तो फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. ४ फोटोंत निम्मा होतो, १०० फोटोंत दहावा हिस्सा उरतो. १६-२० नंतर फायदा हळू मिळतो, म्हणून सुरुवातीला तितके पुरे. विंडोजवर सिक्वेटर मोफत आहे: ताऱ्यांचे फोटो, काळे फोटो, मग ब्रशने आकाशाचा भाग रंगवा, जमीन स्थिर ठेवण्याचा पर्याय निवडा आणि १६ बिटची टिफ फाइल काढा. मॅकवर स्टारी लँडस्केप स्टॅकर हे काम करतं, तर सिरिल दोन्हींवर मोफत चालतं. आकाशाचा भाग रंगवताना क्षितिजाची कड सांडली की डोंगराच्या धारेवर दुहेरी रेषा येते; तिथे ब्रश लहान करा.

पुढचं काम लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी, कशातही होईल. क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम लेन्स प्रोफाइल लावून कडांचा काळपटपणा घालवा; कोपरे उजळताना तिथला नॉइज वाढतो, म्हणून पूर्ण १०० टक्के दुरुस्ती करायलाच हवी असं नाही. मग व्हाइट बॅलन्स. साधारण ३८०० ते ४५०० केल्विनमध्ये फिरवून ताऱ्यांकडे बघा: वृश्चिकातली ज्येष्ठा नारिंगी-तांबूस दिसली पाहिजे आणि अभिजित निळसर पांढरा. ज्येष्ठाही पांढरी दिसत असेल तर निळा रंग जास्त झाला किंवा तारा आधीच जळालेला आहे. नवशिक्यांचं आकाश हमखास जांभळं होतं, ते याच पायरीवर. क्षितिजाजवळ हिरवट पट्टा दिसला तर घाबरून काढू नका. वातावरणाच्या वरच्या थरातला ऑक्सिजन ५५७.७ नॅनोमीटरला चमकतो आणि तो रंग खरा आहे. दिव्यांमुळे आलेला नारिंगी उजेड वेगळा, त्यावर ग्रेडियंट मास्क (बदल फक्त निवडलेल्या भागावर, कडेला विरत जाणारा) टाकून रंग थंड करा आणि उजेड थोडा उतरवा.

त्यानंतर कर्व्ह. काळा बिंदू अगदी शून्यावर नेऊ नका. रात्रीचं आकाश कोळशासारखं काळं नसतं. आकाशगंगेच्या पट्ट्यावर ब्रशने मऊ कडेचा मास्क काढा आणि फक्त तिथे कॉन्ट्रास्ट, थोडी क्लॅरिटी (१० ते २०) आणि अगदी किंचित डीहेझ वाढवा. पूर्ण चित्रावर डीहेझ ओढलं की क्षितिजावर पांढरी झालर उठते आणि नॉइज खडबडीत होतो. सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स वापरा.

नॉइज काढताना रंगीत नॉइज आधी, तो निर्धास्त काढा. ल्युमिनन्स मात्र सावकाश. जास्त ओढलं की सर्वांत मंद तारे नॉइजसोबत पुसले जातात आणि आकाश मेणाने सारवल्यासारखं गुळगुळीत होतं. शार्पनिंगला मास्क लावा, म्हणजे ते फक्त ताऱ्यांवर आणि कडांवर लागेल.

जमीन आणि आकाश जोडायचं असेल तर दोन थर, मधे मास्क, आणि जमिनीचा उजेड आकाशापेक्षा कमीच. रात्रीच्या आकाशाखाली दुपारसारखी उजळलेली जमीन कोणालाही खटकते.

दिवसाच्या निसर्गदृश्यांना यातलं फार थोडं लागतं: हायलाइट खाली, शॅडो थोड्या वर, आकाशावर मास्क, आणि क्षितिज सरळ. शॅडो ५० च्या पुढे ओढावी लागत असेल तर ब्रॅकेटिंगचे फोटो वापरा.

काम १६ बिटमध्येच ठेवा. ८ बिटमध्ये आकाशाच्या मंद उतरणीवर पायऱ्या दिसू लागतात. अंधाऱ्या खोलीत स्क्रीन पूर्ण चमकवून केलेलं एडिटिंग दुसऱ्या दिवशी काळपट दिसतं, म्हणून चमक मध्यम करा आणि सकाळी परत बघून मगच फाइल काढा. ऑनलाइन टाकण्यासाठी एसआरजीबी रंगपद्धत, लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग गुणवत्ता ८५ च्या आसपास. आकार लहान केल्यानंतर पुन्हा हलकं शार्पनिंग करा, कारण छोटं करताना बारीक तारे विरतात. छपाईसाठी फोटो अर्धा स्टॉप उजळ करून आधी छोटा तुकडा छापून बघा. कागद स्वतः प्रकाश टाकत नाही, त्यामुळे स्क्रीनवर दिसणाऱ्या गडद छटांपैकी बऱ्याच तिथे एकत्र मिसळून काळ्या होतात.